इंजिनास अनुरूप तारनियंत्रित विमानाची निवड

मॉडेल विमानांच्या छंदात इंजिन आणि विमान यांचे आयुष्य सारखे नसते. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद आणि कागद ताणून बसविणारे डोप नावाचे रोगण यांच्या साहाय्याने महिनाभर खपून तयार केलेल्या विमानाचा एका चुकीच्या क्षणी चुरा होऊ शकतो. इंजिन मात्र बहुधा माती झटकून आणि धुऊन पुसून पुन्हा वापरता येते. एकच इंजिन क्रमाने चार-पाच विमानांच्या नाकावर बसते, असा सर्वत्र अनुभव आहे. त्यामुळे नवोदितापुढे उभा राहणारा प्रश्न ‘या विमानाला कोणते इंजिन?’ असा क्वचितच असतो. ‘हाती असलेल्या इंजिनाला कोणते विमान?’ असाच तो बहुधा असतो. या प्रश्नाचे उत्तर चुकले तर उत्तम बांधणीचे विमानही पहिल्याच उड्डाणात नष्ट होते, आणि त्याबरोबर पुष्कळदा छंदातील गोडीही संपते.

तारनियंत्रित विमान, म्हणजेच ‘कंट्रोल लाइन’ विमान, हे दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाशी बांधलेले असते. तारांची दुसरी टोके मध्यभागी उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील मुठीला जोडलेली असतात. मूठ वर किंवा खाली कलविली की विमानातील बेलक्रँक नावाची तरफ फिरते आणि शेपटीवरील एलेव्हेटर वर किंवा खाली होतो. विमान चालकाभोवती सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते व त्याचा डावा पंख चालकाकडे राहतो. अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंड येथे राहणाऱ्या जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत ‘यू-कंट्रोल’ या नावाने लोकप्रिय केली. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेमुळे ती अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली.

ताण हाच लगाम

या विमानाचे सारे नियंत्रण तारांमधून होते आणि तार ताठ असेल तरच ती हाताची हालचाल विमानापर्यंत पोहोचवू शकते. तार सैल पडताच एलेव्हेटर चालकाच्या आज्ञेबाहेर जातो. म्हणून विमानाची निवड करताना पहिला विचार तारांच्या ताणाचा केला पाहिजे. वेग, डौल, कसरती हे सारे त्यानंतरचे.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचा बाहेरच्या बाजूस जाणवणारा ओढा तीन गोष्टींवर अवलंबून असतो: वस्तूचे वस्तुमान, तिचा वेग आणि वर्तुळाची त्रिज्या. वेग दुप्पट झाला तर ओढा चौपट होतो. त्रिज्या दुप्पट झाली आणि वेग तोच राहिला तर ओढा निम्मा होतो. एक किलोग्रॅम वजनाचे विमान १८ मीटर लांबीच्या तारांवर सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने फिरत असेल, तर चालकाच्या हाताला सुमारे ३ किलोग्रॅमचा ताण जाणवतो. हा ताण विमानाच्या वजनाच्या तिप्पट आहे. ही तिप्पट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचे कारण पुढीलप्रमाणे.

माथ्यावरील परीक्षा

विमान जमिनीलगत फिरत असेपर्यंत त्याचे वजन तारांच्या ताणात ढवळाढवळ करीत नाही. ते चालकाच्या डोक्यावर, अगदी माथ्यावर आले की परिस्थिती पालटते. तेथे वजनाचा ओढा सरळ चालकाकडे असतो. विमानाला वर्तुळात वळविण्यासाठी जी प्रेरणा लागते तिचा काही भाग वजनच पुरविते आणि तेवढा ताण तारांतून कमी होतो. वेग पुरेसा नसेल तर वळविण्याचे सगळे काम वजनानेच होते, ताण शून्यावर येतो व विमान चालकाच्या अंगावर घसरू लागते. १८ मीटर तारांसाठी ही सीमा सेकंदाला सुमारे १३.३ मीटर आहे. विमान हलके असो वा जड, या आकड्यात फरक पडत नाही.

जमिनीलगत २३ मीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला १३.३ मीटरची सीमा फार दूर वाटेल. परंतु माथ्यावर पोहोचण्यासाठी विमानास १८ मीटर उंची चढावी लागते आणि चढताना वेग खर्च होतो. इंजिनाचा रेटा केवळ हवेचा रोध भरून काढण्यापुरताच असेल, त्यात शिल्लक काहीच नसेल, तर २३ मीटरने निघालेल्या विमानाचा वेग माथ्यावर बरोबर १३.३ मीटर उरतो. म्हणजेच जमिनीलगत ताण वजनाच्या तिप्पट असला, तर शिल्लक शक्ती नसलेले विमानही जेमतेम माथा ओलांडू शकते. ताण तिपटीहून कमी असेल तर उरलेली उणीव इंजिनाने चढताना भरून काढली पाहिजे.

ताण मोजण्यासाठी काटा लागत नाही. हातात सेकंद दाखविणारे घड्याळ असले की पुरे. सपाट उड्डाणातील दहा फेऱ्यांचा वेळ मोजून त्यास दहाने भागावे. ताण वजनाच्या तिप्पट होण्यासाठी एका फेरीस लागणारा वेळ तारांच्या लांबीप्रमाणे असा येतो:

तारांची लांबी ८ मीटर — फेरी ३.३ सेकंद
तारांची लांबी १० मीटर — फेरी ३.७ सेकंद
तारांची लांबी १५ मीटर — फेरी ४.५ सेकंद
तारांची लांबी १८ मीटर — फेरी ४.९ सेकंद
तारांची लांबी २० मीटर — फेरी ५.२ सेकंद

येथे तारांची लांबी मुठीपासून विमानाच्या मध्यरेषेपर्यंत मोजली आहे. फेरीस याहून बराच अधिक वेळ लागत असेल तर ते विमान डोक्यावरून नेण्याचा मोह टाळावा. बराच कमी वेळ लागत असेल तर ताणाची चिंता नाही, परंतु नवशिक्याच्या हाताला विचार करण्यास अवधी मिळणार नाही.

इंजिनाचा आकार आणि विमानाचे वजन

माथ्यावरील सीमा वजनावर अवलंबून नाही, हे खरे. तरीही वजनाचे महत्त्व कमी होत नाही. एक किलोग्रॅमचे विमान १८ मीटर उंच चढविण्यास सुमारे १७७ ज्यूल कार्य करावे लागते. वेग कमी होऊ न देता चढावयाचे तर हे कार्य सव्वा सेकंदात पुरे झाले पाहिजे. त्यासाठी सुमारे १४० वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा जवळजवळ पाचवा भाग, रोध भरून काढल्यानंतर शिल्लक असावा लागतो. विमानाचे वजन निम्मे केले तर ही गरजही निम्मी होते. लहान इंजिनाच्या दृष्टीने प्रत्येक ग्रॅमला किंमत आहे ती यामुळे.

इंजिनाचा आकार त्याच्या सिलिंडरच्या घनफळावरून सांगतात. अमेरिकी पद्धतीत तो घन इंचात दिला जातो: ०.०४९ म्हणजे सुमारे ०.८ घन सेंटिमीटर, ०.१५ म्हणजे सुमारे २.५, ०.३५ म्हणजे सुमारे ५.७ आणि ०.६० म्हणजे सुमारे १० घन सेंटिमीटर. साध्या कसरती करू शकणाऱ्या विमानासाठी प्रत्येक घन सेंटिमीटरमागे इंजिनासह एकूण सुमारे २०० ग्रॅम वजन धरावे, हा अंदाज बहुतेक वेळा उपयोगी पडतो. त्याप्रमाणे ढोबळ प्रमाणे अशी आहेत:

०.८ घन सेंटिमीटर — वजन १५० ते २०० ग्रॅम, पंखविस्तार ४५ ते ६० सेंटिमीटर, तारा ८ ते १० मीटर
२.५ घन सेंटिमीटर — वजन ५०० ते ६०० ग्रॅम, पंखविस्तार ९० ते १०० सेंटिमीटर, तारा सुमारे १५ मीटर
५.७ घन सेंटिमीटर — वजन ११०० ते १२५० ग्रॅम, पंखविस्तार १२० ते १३० सेंटिमीटर, तारा १८ ते १९ मीटर
१० घन सेंटिमीटर — वजन १७०० ते १८५० ग्रॅम, पंखविस्तार १४५ ते १५५ सेंटिमीटर, तारा १९.५ ते २१ मीटर

या आकड्यांना नियमाचे स्वरूप देऊ नये. दोन इंजिनांचे घनफळ सारखे असले तरी जुन्या, साध्या बेअरिंगच्या इंजिनापेक्षा बॉल बेअरिंगचे आधुनिक इंजिन पुष्कळ अधिक शक्ती देऊ शकते. आकडे प्रारंभासाठी आहेत. अंतिम निर्णय घड्याळ आणि हात यांनी करावा.

वजनाबरोबर पंखाचे क्षेत्रफळही पाहिले पाहिजे. वजनास क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. लहान, ०.८ घन सेंटिमीटरच्या विमानात तो प्रत्येक चौरस डेसिमीटरला सुमारे २५ ग्रॅम असतो, तर मध्यम विमानात ३० ते ३५ ग्रॅम. पंखभार जितका अधिक, तितके विमान वळविताना मोठे वर्तुळ घेते. आणि जमिनीकडे झेपावलेल्या विमानाला वर काढताना वर्तुळ मोठे असणे किती महागात पडते, हे सांगावयास नको.

एक इंजिन, तीन विमाने

उदाहरणादाखल २.५ घन सेंटिमीटरचे, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे डीझेल इंजिन घेऊ. डीझेल म्हणजे येथे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारे, ठिणगीवाचून केवळ दाबाने पेटणारे लहान इंजिन. तारा तिन्ही विमानांना १५ मीटरच्याच आहेत असे मानू.

पहिले विमान लहान आहे: पंखविस्तार ६५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ९ चौरस डेसिमीटर, वजन ४०० ग्रॅम. असे विमान ३.३ सेकंदांत फेरी पुरी करील असे धरले, तर त्याचा वेग ताशी सुमारे १०३ किलोमीटर होतो आणि ताण वजनाच्या साडेपाच पटींहून अधिक. तारा सैल पडण्याची भीती नाही. परंतु पंखभार ४४ ग्रॅमवर जातो, आणि अर्ध्या सेकंदाच्या विलंबात विमान १४ मीटर पुढे गेलेले असते. शिकाऊ चालकाची चूक दुरुस्त होण्यापूर्वीच जमीन लागते. अनुभवी हातात हेच विमान आनंद देईल. नवशिक्याच्या हातात ते एक-दोन उड्डाणेच टिकेल.

तिसरे विमान मोठे आहे: पंखविस्तार १२५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ३४ चौरस डेसिमीटर, वजन १ किलोग्रॅम. पंखभार ३० ग्रॅमच्या आत असल्याने कागदावर ते शांत आणि सुरक्षित दिसते. पण इंजिन त्याला कसेबसे ओढते. फेरीस ६.५ सेकंद लागत असतील तर वेग सेकंदाला १४.५ मीटर आणि ताण वजनाच्या जेमतेम दीडपट असतो. या वेगाने निघालेले विमान इंजिनाकडे शिल्लक शक्ती नसेल तर माथा गाठूच शकत नाही. जमिनीलगतही वाऱ्याची एखादी झुळूक त्याला आत ढकलण्यास पुरेशी होते. ‘मोठे विमान सावकाश उडते, म्हणून ते शिकण्यास सोपे’ हा समज येथे घातक ठरतो. कारण सावकाशपणा इंजिनाच्या दुर्बलतेतून आलेला असतो.

दुसरे विमान या दोहोंच्या मध्ये आहे: पंखविस्तार ९५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ १७ चौरस डेसिमीटर, वजन ५७० ग्रॅम. फेरी ४.५ सेकंदांची, वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर, ताण वजनाच्या तिप्पट, म्हणजे १.७ किलोग्रॅम. पंखभार ३४ ग्रॅमच्या आत. हे विमान इंजिनाला साजेसे आहे.

तारांची लांबी कमी करून तिसरे विमान वाचविता येईल काय, असा प्रश्न सहजच मनात येईल. तारा १२ मीटरच्या केल्या तर त्याच वेगाला ताण वजनाच्या सुमारे १.८ पट होतो. सुधारणा होते, पण ती अपुरी. त्यातच वर्तुळ लहान झाल्याने चालकाला अधिक वेगाने गरगर फिरावे लागते. उलट पहिल्या विमानाच्या तारा वाढविल्या तर त्यांचा हवेतील रोध वाढून वेग थोडा उतरतो. तारांची लांबी हे बारीक जुळणीचे साधन आहे. चुकीची निवड झाकण्याचे नव्हे.

इंजिनाचा स्वभाव

घनफळ आणि वजन यांच्यापलीकडे प्रत्येक इंजिनाला एक स्वभाव असतो. अमेरिकेत ड्यूक फॉक्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस काढलेले ०.३५ घन इंचाचे कसरतीचे इंजिन याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे वजन सुमारे १८५ ग्रॅम होते आणि त्याची शक्ती पुढे आलेल्या इंजिनांच्या मानाने बेताची होती. तरीही कसरत करणाऱ्या चालकांनी ते अनेक वर्षे सोडले नाही. सपाट उड्डाणात ते इंधनाने समृद्ध मिश्रणावर, एकाआड एक फेऱ्याला पेट घेत, संथपणे चाले. विमानाचे नाक वर होताच मिश्रण किंचित विरळ होई, इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेट घेऊ लागे आणि नेमकी चढाच्या वेळी शक्ती वाढे. विमान सपाट झाले की आवाज पुन्हा खाली येई. वर ज्या शिल्लक शक्तीचा उल्लेख केला, ती हे इंजिन मागितल्याबरोबर देत असे आणि एरवी हातचे राखून ठेवीत असे. जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या ‘नोबलर’ या विमानाचा आराखडा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १२७ सेंटिमीटर पंखविस्ताराचे हे विमान आणि फॉक्स यांचे इंजिन ही जोडी पुढे आदर्श मानली गेली.

शर्यतीसाठी बनविलेल्या इंजिनाचा स्वभाव याच्या उलट असतो. ते अतिशय उच्च गतीलाच पूर्ण शक्ती देते आणि संथ चालविले तर कुरकुरते. असे इंजिन मोठ्या, हलक्या कसरती विमानावर बसविले तर कागदावरील अश्वशक्ती वाया जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वेगाचे, सांघिक शर्यतीचे आणि झुंजीचे असे तीनही प्रकार २.५ घन सेंटिमीटरच्या मर्यादेत खेळले जातात. तथापि त्यांतील विमाने एकमेकांहून सर्वस्वी भिन्न दिसतात. घनफळ एकच असूनही काम निराळे, म्हणून विमान निराळे.

पंख्याची निवडही याच विचाराचा भाग आहे. मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा पंखा कमी वेगात चांगला रेटा देतो व चढताना उपयोगी पडतो. लहान व्यासाचा आणि अधिक पिचचा पंखा सपाट उड्डाणातील वेग वाढवितो. फेरीचा वेळ थोडा अधिक किंवा थोडा कमी येत असेल तर विमान बदलण्यापूर्वी पंखा बदलून पाहावा. अलीकडे विद्युत मोटरींचा वापरही पुष्कळ होतो. त्यांच्या बाबतीत घनफळाची जागा वॅट घेतात आणि बॅटरीचे वजन इंजिनाच्या वजनात मिळवावे लागते. ताणाचा नियम मात्र तोच राहतो.

नाकावरील भार

पुष्कळ जुने आराखडे हलक्या, आवाजरोधक नळकांडे नसलेल्या इंजिनांसाठी काढलेले आहेत. त्यांच्या नाकावर त्याच घनफळाचे परंतु जड इंजिन आणि त्याचा आवाजरोधक बसविला की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. नाक जड झालेले विमान स्थिर असते, परंतु वळण्यास कुचराई करते. तोल सावरण्यासाठी शेपटीत शिसे घातले की एकूण वजन वाढते आणि पंखभारही वाढतो. उलट, हलके इंजिन लांब नाकाशिवाय बसविले तर विमान शेपटीकडे जड होऊन हाताच्या किंचित हालचालीनेही उसळू लागते. हा दोष अधिक भयंकर आहे, कारण तो पहिल्याच उड्डाणात विमान मोडतो. म्हणून आराखडा निवडताना त्यावर दिलेल्या घनफळाबरोबरच त्या काळच्या इंजिनाचे वजन किती होते, हेही पाहावे. आपले इंजिन तराजूत घालावे व फरक मोठा असेल तर लाकूड कापण्यापूर्वीच नाकाची लांबी बदलावी.

नवशिक्याने पहिले विमान घेताना सपाट फळीच्या अंगाचे, ज्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात, असे निवडावे. मॅट कानिया यांनी आखलेले आणि स्टर्लिंग कंपनीने १९५० च्या दशकात घरोघर पोहोचविलेले ‘रिंगमास्टर’ हे १०७ सेंटिमीटर पंखविस्ताराचे विमान याच जातीचे. अशा विमानात इंजिन उघडे असते, सुई सहज हाताळता येते आणि मोडतोड गोंदाने सांधता येते. ते दिसावयास साधे असते; पण शिकण्याच्या काळात दुरुस्तीची सोय सौंदर्याहून अधिक मोलाची आहे.

उड्डाणापूर्वी

निवड योग्य झाली तरी तारांची परीक्षा चुकवू नये. उड्डाणापूर्वी मूठ आणि विमान धरून विमानाच्या वजनाच्या दहापट ताण द्यावा. ५७० ग्रॅमच्या विमानास तो ५.७ किलोग्रॅम होतो. ०.८ घन सेंटिमीटरच्या इंजिनास ०.२ मिलिमीटर, २.५ च्या इंजिनास ०.३ मिलिमीटर आणि ५.७ च्या इंजिनास सुमारे ०.३८ मिलिमीटर जाडीच्या पिळलेल्या पोलादी तारा सामान्यतः वापरतात. मुठीचा पट्टा मनगटात अडकविलेला असावा. विजेच्या तारा जवळपास असलेले मैदान कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. मॉडेलच्या पोलादी तारेचा विजेच्या तारेशी स्पर्श झाल्यास चालकाच्या जिवावर बेतते. वादळी ढग दिसू लागताच उड्डाण थांबवावे.

इंजिनाला विमान शोधणाऱ्याने म्हणून प्रथम इंजिन तोलावे, त्याच्या घनफळावरून एकूण वजनाचा अंदाज बांधावा, त्या वजनाला पेलणारे पंखक्षेत्र असलेला आराखडा निवडावा आणि तारांची लांबी ठरवावी. मग पहिली काही उड्डाणे केवळ सपाट करावीत व फेरीचा वेळ मोजावा. घड्याळाचा आकडा तक्त्याशी जुळला आणि मुठीत स्थिर, भरीव ओढ जाणवू लागली, की मगच विमान हळूहळू वर न्यावे. आधी खांद्याच्या उंचीपर्यंत, नंतर डोळ्यांच्या वर आणि शेवटी माथ्यावरून पलीकडे. प्रत्येक पायरीवर हाताला जाणवणारा ताण तपासावा आणि तो उतरू लागला तर तेथूनच खाली यावे.